बॉक्सिंगचं मराठी पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात हवं

खेळ काही पुस्तकातून शिकता येत नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या ठामपणे बोललं जातं की त्यावर कुणी वाद घालत नाही. पाण्यात उतरल्याशिवाय पोहणं येत नाही, माती अंगाला लागल्याशिवाय कुस्ती येत नाही, आणि समोरून ठोसा आल्याशिवाय बॉक्सिंग येत नाही. यातला शब्दन् शब्द मला मान्य आहे. मराठवाड्यात हे वाक्य ज्या कामाला लावलं जातं, ते मात्र मान्य नाही. शाळेच्या कपाटात खेळाच्या तंत्राचं पुस्तक का नाही, वाचनालयाच्या खरेदीत का नाही, सरकारने ते का काढलं नाही, असं विचारलं की उत्तरादाखल हेच वाक्य पुढे येतं आणि विषय तिथेच मिटतो.

मग पोरं शिकतात कुठून?

शालेय क्रीडा स्पर्धांत बॉक्सिंग आहे. पावसाळा सरता सरता जिल्ह्याच्या ठिकाणी या स्पर्धा सुरू होतात. कबड्डी, खो-खो, कुस्तीला गर्दी असते. बॉक्सिंगच्या एकेका वजनी गटात कित्येकदा दोन-चारच नावं असतात. त्यामुळे ‘तू वजनात बसतोस ना, मग उतर’ एवढ्या भांडवलावर तालुक्याचं पोरगं रिंगमध्ये जातं. दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, ही ओढ खरी आहे. कोरडवाहू शेतीवर दिवस काढणाऱ्या घराला प्रमाणपत्राची किंमत बरोबर कळते आणि त्याबद्दल त्या घराला नावं ठेवायचा कुणालाही हक्क नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. त्या पोराला आपण काहीही न शिकवता दोरांच्या आत सोडतो. पहिली घंटा होते, त्याची हनुवटी वर, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात गोफण फिरवल्यासारखे बाहेरून येतात. समोरचा जरा जरी शिकलेला असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटात सरळ डाव्या हाताचे चार-पाच ठोसे नाकावर बसतात. पंच सामना थांबवतात. पालक टाळ्या वाजवायच्या की धावत जायचं या घोटाळ्यात असतात. हनुवटी खाली ठेव आणि उजवा हात गालापाशी ठेव, एवढ्या दोन गोष्टी कुणी आधी सांगितल्या असत्या तरी यातलं निम्मं टळलं असतं. या दोन्ही गोष्टी कागदावर लिहून सांगता येतात.

प्रशिक्षक हवा, हे मी सगळ्यात आधी म्हणेन. त्याचा दाखला शोधायला लांब जायला नको. नांदेडहून रेल्वेने मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासर करत गेलं की तेलंगणातलं निजामाबाद येतं. एकेकाळी मराठवाडा आणि निजामाबाद एकाच हैदराबाद संस्थानात होते. त्या निजामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत जगज्जेती झाली. त्याच गावच्या मोहम्मद हुसामुद्दीनने २०१८ आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत कांस्यपदकं आणली. दोघांचीही सुरुवात एकाच प्रशिक्षकाकडे झाली, ते म्हणजे हुसामुद्दीनचे वडील. जिल्ह्याच्या गावात एक जाणता माणूस वर्षानुवर्षं टिकून उभा राहिला तर काय होतं, हे सीमेपलीकडे दिसतंच आहे. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरात साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, पण किनवटच्या, सेनगावच्या, आष्टीच्या नाही तर उमरग्याच्या पोरासाठी ते दुसऱ्या टोकाला आहे. प्रत्येक तालुक्याला बॉक्सिंगचा प्रशिक्षक मिळेल तो दिवस मला बघायचा आहे, आणि तो लवकर येणार नाही हेही दिसतं आहे. तोवर जी पोकळी आहे ती आज रिकामी नाही. ती मोबाइलने भरली आहे.

मोबाइलवरच्या चांगल्या चित्रफितींनी पुष्कळांना पुष्कळ दिलं आहे. उत्तम प्रशिक्षक तिथे मोकळ्या हाताने शिकवतात. अडचण आहे ती पोरांपर्यंत पोचणाऱ्या तुकड्यांची. अर्ध्या मिनिटाचा उभा तुकडा, त्यात कंबरेच्या वरचा माणूस, सपासप हात चालवणारा. पाय चौकटीच्या बाहेर. बॉक्सिंगमध्ये ठोशाची ताकद पायातून उठते, आणि नेमके पायच दिसत नाहीत. विटेला टेकवलेला मोबाइल आणि त्यासमोर हात फिरवणारी दोन-तीन पोरं हे दृश्य आता कुठल्याही गावाच्या मैदानावर दिसतं. त्यांच्या हातांचा वेग बघून माणूस हरखतो. पायांकडे नजर गेली की कळतं, दोन्ही टाचा जमिनीला चिकटलेल्या, पाय एका रेषेत, धक्का दिला तर पोरगं मागच्या मागे पडेल.

पुस्तक इथे कामाला येतं. आधी काय, नंतर काय, हा क्रम ठरवल्याशिवाय पुस्तक लिहिताच येत नाही. चांगलं बॉक्सिंगचं पुस्तक पहिल्या पानांत ठोसा मारूच देत नाही. उभं कसं राहायचं हे आधी. उजव्या हाताच्या माणसाचा डावा पाय पुढे, उजवा मागे आणि थोडा बाहेर, उजवी टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, कोपरं बरगड्यांजवळ, मुठी गालांशी, हनुवटी खाली. मग चालणं. पुढे जाताना आधी पुढचा पाय, मागे येताना आधी मागचा, आणि पायावर पाय कधीच येऊ द्यायचा नाही. एवढ्यावर काही आठवडे गेले पाहिजेत, आणि कुठलाही अर्ध्या मिनिटाचा तुकडा हे सांगत नाही, कारण ते बघायला कंटाळवाणं आहे. मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. मूठ निघताना कोपर बाहेर पडू नये, शेवटी मूठ वळून तळवा जमिनीकडे व्हावा, खांदा वर येऊन हनुवटी झाकावी, आणि हात ज्या वाटेने गेला त्याच वाटेने, त्याच उंचीवरून परत यावा. हे वाचायला अर्धं मिनिट लागतं, पण वाचणारा थांबतो, हात पुढे करून बघतो, पुन्हा ओळीवर येतो. पुस्तक वाचणाऱ्याच्या वेगाने चालतं, हा गुण शारीरिक कौशल्याच्या बाबतीत फार मोलाचा आहे.

त्यातही दोघांनी मिळून वाचावं असं मी आग्रहाने सांगेन. हात खाली येऊन परत जातो आहे हे ज्याचं त्याला दिसत नाही. ठोसा मारताना उजवा हात छातीपर्यंत उतरतो आहे, हेही कळत नाही, कारण त्या क्षणी सगळं लक्ष डाव्या हातात असतं. एकाने पुस्तक धरायचं, दुसऱ्याने करायचं, आणि पुस्तक धरणाऱ्याने ओळीवर बोट ठेवून ‘कोपर’, ‘टाच’, ‘हनुवटी’ एवढंच म्हणायचं. प्रशिक्षकाच्या डोळ्याची सर त्याला नाही. तरी एकट्याने मोबाइलसमोर घाम गाळण्यापेक्षा हे कितीतरी पुढचं आहे.

पुस्तकं चुकतातही, आणि पुस्तकांचा कैवार घेताना हे सांगायलाच हवं. जॅक डेम्प्सी हा १९१९ ते १९२६ या काळातला हेवीवेट जगज्जेता. १९५० मध्ये त्याचं ठोशाच्या तंत्रावरचं पुस्तक निघालं, ते आजही जगभर वाचलं जातं. त्यात तो सांगतो की ठोशात वजन यायचं तर शरीर पुढे पडलं पाहिजे: पुढचा पाय जमिनीवरून सुटतो, अंगाचा भार त्या बाजूला झुकतो, आणि पाय टेकण्याच्या सुमारास मूठ लागते. इतक्या साध्या रीतीने ही गोष्ट फार थोड्यांनी मांडली आहे. पण तोच डेम्प्सी सांगतो की खांद्यातून निघणारी ताकदीची रेषा करंगळीच्या गाठीशी संपते, म्हणून ठोसा करंगळीकडच्या गाठींवर बसवा. आज बहुतेक प्रशिक्षक याच्या नेमकं उलट शिकवतात: तर्जनी आणि मधलं बोट, या दोन गाठींवर मार लागू दे. कारण करंगळीच्या बाजूचं तळहातातलं हाड बारीक असतं, आणि ते मोडण्याला डॉक्टर बॉक्सर्स फ्रॅक्चर असंच म्हणतात. एखाद्या पोराने फक्त डेम्प्सी वाचला, हाताला पट्टी न बांधता सिमेंटच्या पोत्यात वाळू भरून त्यावर ठोसे मारले, तर त्याचा हात मोडू शकतो. यातून काही लोक निष्कर्ष काढतील की पुस्तक धोक्याचं. माझा निष्कर्ष असा की एकच पुस्तक आणि तेही परक्या काळातलं, परक्या भाषेतलं, हे धोक्याचं. आपल्या पोरांसाठी, आपल्या साधनांचा विचार करून, आजच्या वैद्यकीय माहितीसह मराठीत लिहिलेलं पुस्तक असेल तर त्यात वाळूच्या पोत्यावर ठोसा मारू नका हे पहिल्याच प्रकरणात येईल. पोत्यात चिंध्या भरा, वाळू खाली बसून दगडासारखी घट्ट होते, हेही येईल. साडेचार मीटरची सुती पट्टी मनगटाला, तळहाताला आणि बोटांच्या मधून कशी फिरवायची याची छायाचित्रं येतील. पट्टी विकत घ्यायला पैसे नसतील तर जुन्या धोतराची फाडून कशी चालेल, हे लिहायला परदेशातला लेखक येणार नाही.

लिहून शिकवण्याची परंपरा या खेळात जुनी आहे. इंग्लंडमध्ये कॅप्टन गॉडफ्रीचा ग्रंथ १७४७ चा, मुष्टियोद्धा डॅनियल मेंडोझाचं बॉक्सिंगवरचं पुस्तक १७८९ चं. हातमोजे आणि तीन मिनिटांच्या फेऱ्या ज्या नियमांनी रूढ केल्या ते क्वीन्सबेरी नियम १८६७ चे. म्हणजे आजचा खेळ घडण्याच्या कितीतरी आधीपासून लोक त्याचं तंत्र कागदावर उतरवत होते, आणि ते उतरवणाऱ्यांत स्वतः लढलेली माणसं होती.

आणि आपण मराठी माणसांनी तर ‘खेळ पुस्तकातून येत नाही’ हे बोलूच नये. बडोद्याहून १९३६ पासून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. कुस्तीचे डाव, मल्लखांब, लाठी, एकेका हालचालीचं वर्णन, सोबत छायाचित्रं. त्या काळात छायाचित्रं काढून, ठसे करून असे ग्रंथ छापणं किती खर्चाचं आणि कष्टाचं होतं याची कल्पना करून बघावी. तेव्हाही वस्ताद होते, तालमी भरलेल्या होत्या, आजच्यापेक्षा जास्तच. तरी त्या माणसांना वाटलं की ही विद्या लिहून ठेवली पाहिजे, मराठीत लिहिली पाहिजे. त्यांच्यानंतर आलेल्या आपण, खिशात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांनी, ते काम पुढे नेलेलं नाही. मला याची लाज वाटते.

आता वाचनालयांकडे येतो. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, त्यानंतर अ, ब, क, ड अशा वर्गवारीने वाचनालयांना अनुदान मिळू लागलं. हे अनुदान अपुरं आहे, वेळेवर येत नाही, गावातला ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर राबतो, हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण आहे त्या पैशात काय घेतलं जातं? मराठवाड्यातल्या तालुक्याच्या वाचनालयात जाऊन बघा. संतसाहित्य असतं, ते असायलाच हवं. ही एकनाथ-नामदेवांची भूमी आहे. कादंबऱ्या असतात. आणि अलीकडे अर्धी जागा स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी व्यापलेली असते. वाचनालयाची अभ्यासिका झाली आहे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची मार्गदर्शकं ओळीने लावलेली दिसतात. त्याच भरतीत मैदानी चाचणी असते, धावणं असतं, गोळाफेक असते. पहाटे पाचला रस्त्यावर धावणाऱ्या पोरांची रांग आपण रोज बघतो. पण गोळा कसा धरावा, सोडताना कोपर कुठे असावं, यावर त्याच कपाटात दोन पानं सापडत नाहीत. डोक्याची तयारी पुस्तकातून आणि अंगाची तयारी देवाच्या भरवशावर, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. ती कुणी मुद्दाम केलेली नाही. कुणी मागणी केली नाही म्हणून ती झाली.

बॉक्सिंगच्या पुस्तकाचा पहिला वाचक कोण, याचंही माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिला वाचक शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेत स्वतंत्र क्रीडा शिक्षक बहुधा नसतोच. गणित नाही तर भूगोल शिकवणाऱ्या सरांच्या गळ्यात खेळाचा तास पडतो, आणि स्पर्धेला मुलं घेऊन जाण्याचं कामही. या सरांनी स्वतः कधी ग्लोव्ह्ज घातलेले नसतात. त्यांना दोष कसा देणार? त्यांच्या हातात सव्वाशे पानांचं नीट पुस्तक दिलं, तर चार महिन्यांत ते मुलांना उभं राहणं, चालणं, जॅब आणि बचाव एवढं नक्की शिकवतील. शिकवणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे. पुस्तकातून वर्गात न्यायचं कसं, हे त्यांना कुणी सांगायला नको. प्रशिक्षक नसलेल्या तालुक्यात प्रशिक्षकाच्या सगळ्यात जवळ पोचू शकणारा माणूस हाच आहे.

दुसरा वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहे तो बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड कामगारांच्या घरातला. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड कारखान्याच्या पट्ट्यात जातं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. शालेय स्पर्धांचे महिने नेमके त्यात जातात, जिल्ह्याच्या गावी भरणारा प्रशिक्षण वर्गही हुकतो. अशा मुलाला कुठलंही केंद्र धरून ठेवू शकत नाही. पण सकाळी कोपीसमोर, म्हणजे फडावरच्या झोपडीसमोर, पाय कसा टाकायचा हे त्याने एकदा वाचलेलं, केलेलं असेल तर ते त्याच्याबरोबर जातं.

तिसरी वाचक मुलगी. तालुक्यातून संध्याकाळच्या एसटीने पंधरा वर्षांच्या मुलीला जिल्ह्याला पाठवायला घर तयार होत नाही, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर रात्री काय असतं हे माहीत असलेल्या आईबापांना नुसतं मागासलेले म्हणणं मला पटत नाही. त्या मुलीला घराच्या गच्चीवर शॅडो बॉक्सिंग करता येतं, म्हणजे समोर कुणी नसताना समोर कुणी आहे असं धरून हात-पाय चालवणं. त्याला रिंग लागत नाही, जोडीदार लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागतं ते नेमकं काय करायचं याचं ज्ञान. पुस्तकाचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला होणार असेल तर तो या मुलींना, अशी माझी खात्री आहे.

यावर येणारा एक आक्षेप गंभीर आहे. पुस्तक वाचून पोरं आपसांत मारामाऱ्या करतील, डोक्याला मार घेतील. डोक्याचा मार ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. मेंदू कवटीत हलतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि त्यातून सावरायच्या आत दुसरा मार बसला तर जीवही जाऊ शकतो. म्हणून तर डोक्याला मार लागून सामना थांबला की सक्तीची विश्रांती नियमांतच आहे, किमान महिनाभराची. हे आपल्याकडे किती पालकांना, किती शिक्षकांना ठाऊक आहे? मार लागल्यावर पोराला उलटी झाली, चक्कर आली, बोलणं अडखळलं तर घरी न्यायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं, हे तरी? वजनी गटात बसायला ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर पाणी तोडणारी पोरं आहेत, त्यांना कुणी सांगितलं आहे की शरीरातलं पाणी गेलं की अंगात लढायची ताकद राहत नाही आणि जिवावरही बेतू शकतं? पोरं आजही आपसांत खेळतातच, मोबाइल बघून खेळतात, बिनग्लोव्ह्जचं खेळतात. धोका आत्ता आहे आणि तो अज्ञानातला आहे. पुस्तकाने उलट त्याची हद्द आखावी. उभं राहणं, चालणं, सरळ ठोसे, बाजूने वळून येणारा हुक, खालून वर जाणारा अपरकट, बचावाच्या हालचाली, चिंध्यांच्या बॅगवरचा सराव, दोरीवरच्या उड्या, इथपर्यंत पुस्तकाच्या भरवशावर जा. स्पॅरिंग, म्हणजे समोरासमोर खेळणं, हे जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय करायचं नाही, हे ठळक अक्षरांत, चित्रासह, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी छापावं. पुस्तकाने स्वतःची मर्यादा इतक्या स्पष्टपणे सांगितली की पालकांचाही त्यावर विश्वास बसेल.

हे लिहायचं कोणी? पतियाळाच्या एनआयएसमधून, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षणाचा डिप्लोमा घेतलेले मराठी प्रशिक्षक राज्यात आहेत. सैन्यात बॉक्सिंग खेळून निवृत्त झालेले जवान गावोगाव आहेत. त्यांच्या शेजारी लिहिता माणूस बसवावा, एक डॉक्टर बसवावा. सरकारकडे पुस्तकं छापण्याची यंत्रणा आहे, साहित्य संस्कृती मंडळ आहे, ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी आहे. क्रीडा खातं, शिक्षण खातं आणि ग्रंथालय संचालनालय यांनी एकत्र बसून असं एक पुस्तक काढलं, ते त्या यादीत घातलं आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या तालुका वाचनालयांत आणि माध्यमिक शाळांत पोचवलं, तर त्याचा खर्च एखाद्या क्रीडा संकुलाच्या कुंपणाइतकाही होणार नाही.

सरकारने हे उद्या केलं नाही तरी वाचनालयांच्या कार्यकारिणीला कुणी अडवलेलं नाही. नव्या ग्रंथखरेदीची यादी होताना सभासदाला लेखी मागणी करता येते, आणि गावच्या वाचनालयात अशी एक चिठ्ठीसुद्धा दखल घेण्याजोगी असते. भरतीसाठी पहाटे धावणारी दहा पोरं वाचनालयाची सभासद असतातच, अभ्यासिकेसाठी. त्यांनी एका कागदावर सह्या करून धावण्याचं, गोळाफेकीचं, कुस्तीचं आणि बॉक्सिंगचं तंत्र सांगणारी पुस्तकं मागावीत. मराठीत मिळत नसतील तर तसं ग्रंथपालाने त्याच अर्जावर लिहून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे पाठवावं.